कुठे म्हणून विचारू नये

पनवेलला उरण नाक्याच्या आतल्या गल्लीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक मशीन, एक आरसा, एक पडदा आणि मी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, राहायला नवीन पनवेलमध्ये वन रूम किचन. गिऱ्हाइकं मला तोंडाळ म्हणतात आणि ते खरंच आहे. बाई माप द्यायला पोट आत ओढून उभी राहिली की मी म्हणते, श्वास सोडा, लग्नात जेवायचंय ना तुम्हाला? रागावून गेलेली बाई चार दिवसांनी परत येते, कारण माझा ब्लाउज खांद्यावरून उतरत नाही.

अशा ठणठणीत बाईला रक्ताचा कॅन्सर झाला. आधी दात घासताना रक्त, मग कुठे आपटले नाही तरी मांड्यांवर काळेनिळे डाग, मग हटत नाही असा ताप. अक्युट ल्युकेमिया, डॉक्टर म्हणाले. अक्युट म्हणजे काय हो, मी विचारलं. तर म्हणाले, म्हणजे याला फार घाई असते. मी म्हटलं, मलाही दिवाळीचे ब्लाउज द्यायचे असतात तेव्हा घाई असते, म्हणून मी कुणाचा जीव घेत नाही.

हायवेच्या कडेच्या हॉस्पिटलात मी महिनोन् महिने काढले. औषधांनी आजार दबला. पण दबलाय, गेलेला नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पुन्हा डोकं वर काढेल, आणि तेव्हा ऐकणार नाही. कायमचा उपाय एकच, दुसऱ्याच्या निरोगी स्टेम सेल अंगात घालायच्या. ते दुसरं माणूस सख्खं असलं आणि जुळलं तर उत्तम.

मला सख्खा एकच. उरणजवळच्या करंज्याचा धाकटा भाऊ. बोटीचा तांडेल आहे, म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं हे तो ठरवतो, आणि तो नसेल तर बोट हलत नाही. त्याचं रक्त तपासलं, गट वेगळा निघाला, पण पेशी पैकीच्या पैकी जुळल्या. माझ्या लग्नात गुणसुद्धा इतके जुळले नव्हते. हे मी त्याला सांगितलं तर हसून म्हणाला, "बाय, आता माझं रगत तुला गेलं की तुला मिशा फुटणार बघ." मी म्हटलं, "मेल्या, आधी तुला फुटू देत नीट."

मेल्या हा माझ्या तोंडातला शब्द. लहानपणापासून त्याला मी नावाने कमी आणि मेल्या म्हणून जास्त हाक मारली आहे. त्यालाही नावाने हाक मारली की वाटतं, बायचं काहीतरी बिनसलंय.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. भावाच्या पेशी घालायच्या आधी काही दिवस मला फार जोरदार औषधं देणार. हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं ती जागा पूर्ण रिकामी करायची, आजाराचं बी कुठे लपलं असेल तर तेही मारायचं, आणि नव्या पेशींना माझ्या शरीराने हाकलू नये म्हणून शरीराची ताकदही मोडायची. याला ते कंडिशनिंग म्हणतात. केसांना लावतात ते कंडिशनर माहीत होतं, हे काहीतरी वेगळंच निघालं. मी म्हटलं, म्हणजे जुनी शिवण सगळी उसवायची आणि मग नवी घालायची. डॉक्टर म्हणाले, "बरोबर. फक्त एक लक्षात घ्या. एकदा उसवलं की जुनी शिवण परत घालता येत नाही. औषध सुरू झालं की तुमचं स्वतःचं रक्त तयार होणं थांबणार. त्यानंतर भाऊ नसेल तर आमच्या हातात काही नाही." मग ते भावाकडे वळले. ठरल्या दिवसापासून त्याला रोज एक इंजेक्शन, पेशी वाढवायचं, आणि मग मशीनवर बसून त्या काढून घ्यायच्या.

"मी हाय ना डॉक्टर," भाऊ म्हणाला. "मी कुठं जातोय?"

आणि खरंच तेव्हा तो कुठे जाणार नव्हता. मासेमारीची बंदी होती. बोटी धक्क्याला आणि वर काढलेल्या, तांडेल घरी जाळी शिवत बसलेले. तारीख त्या मोकळ्या दिवसांतलीच ठरली होती. पण नेमका मला ताप आला, छातीत बुरशी सापडली, आणि ती जाईपर्यंत सगळं पुढे गेलं. पुढे पुढे जात तारीख येऊन पडली नारळी पौर्णिमेच्या पुढ्यात. नारळी पौर्णिमा झाली की आमच्या बोटी दर्यावर निघतात. डॉक्टरांना त्यात काही वाटलं नाही. त्यांना काय वाटायचं? ते पुण्याचे.

त्या खोलीबद्दल काय सांगू. हवा गाळून आत येते, दाराला दुसरं दार, आत येणारा प्रत्येक जण डोळ्यांपर्यंत झाकलेला. सोबत एक माणूस चालतं, पण ते माणूस मी आणणार कुठून? भावजयीला घरी दोन लहान मुलं. मी म्हटलं, मी राहीन एकटी, एकटीच राहते. पण घरी एकटं राहणं आणि तिथे एकटं राहणं यात फरक असतो, हे मला तिथे कळलं. घरी खाली भाजीवाला ओरडतो, वरच्या मजल्यावर कुणी पाटा सरकवतं, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, शेजारीण न विचारता दार ढकलते. तिथे नुसती हवेची घुरघुर. भिंतीवर एक पांढरा फळा, त्यावर नर्स रोज एक आकडा लिहायची, वजा चिन्ह लावून. पेशी घालायचा दिवस शून्य. त्याआधी सगळं वजा. मी म्हटलं, बाई, माझं आयुष्य कधी जमेत येणार? ती केरळची, तिला मराठी बेताचंच यायचं, तरी हसायची.

छातीतल्या नळीतून औषध चढायला लागलं. फीट येऊ नये म्हणून वेगळी गोळी. ओकारी थांबवायला वेगळं. पहिल्या दिवशी वाटलं, एवढंच होय? दुसऱ्या दिवशी तोंडाला लोखंडाची चव आली. खिडकीतून हायवे दिसायचा, पळस्प्याकडे जाणारे कंटेनर एकामागे एक उभे. काचेमुळे आवाज नाही. इतका मोठा रस्ता आणि आवाज नाही, हे फार वाईट वाटायचं मला. रडू यायचं. मी रडणाऱ्यातली नाही, पण तिथे बघायला कोण होतं?

त्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी भावाचा फोन आला. पौर्णिमा होऊन गेली होती, दर्याला नारळ दिला होता. काय खाल्लंस, उलटी झाली का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, खिचडी देतात, तिच्यात मीठ शोधायला टॉर्च लागेल. तो हसला. पण त्याच्या हसण्याच्या मागे मला बर्फाचा आवाज ऐकू आला. बर्फाच्या लाद्या फोडून बोटीच्या पोटात ओतायचा तो खडखडाट, मी त्यात वाढलेय, मला तो झोपेतही ओळखू येईल. बर्फ भरला की बोट निघणार. आणि बोट निघणार म्हणजे तांडेल निघणार.

"येतो बाय," तो म्हणाला.

प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. कुठे चाललास? कधी येशील? इंजेक्शनचा दिवस लक्षात आहे ना? आणि मी तो गिळला.

आता हे कुणाला वेडेपणा वाटेल. पण आमच्यात दर्यावर निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारत नाहीत. कधी येणार, हेही नाही. लहानपणी एकदा मी बापाला विचारलं होतं. आईने पाठीत असा धपाटा घातला की अजून आठवतो, आणि बाप अर्ध्या वाटेवरून मागे फिरला, घरात येऊन पाणी प्यायला, पायरीवर टेकला, आणि मग पुन्हा निघाला. आई नंतर म्हणाली, "दिवस इचारला की त्यो दिवस खायला उठतो गो. इचारायचा नाय. येतो म्हनला ना, मग येतो." पनवेलला येऊन मला इतकी वर्षं झाली, अमावास्येला ब्लाउज कापते, मांजर आडवं गेलं तर त्याला बिस्कीट घालते, पण हा एक प्रश्न माझ्या तोंडातून निघाला नाही. "ये हां," एवढंच म्हटलं मी. त्याने फोन ठेवला.

औषध चालूच होतं. नुकते उगवलेले केस पुन्हा गेले. तोंड आतून सोललं, थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. पांढऱ्या पेशी उतरत उतरत नाहीशा होत चालल्या. आणि फळ्यावर तो आकडा आला ज्या दिवशी भावाचं पहिलं इंजेक्शन होतं. सकाळी नर्सने विचारलं, भाई किधर? दुपारी दुसऱ्या कुणीतरी विचारलं. संध्याकाळी डॉक्टर स्वतः आले.

"तुमचे भाऊ आलेले नाहीत. फोन लागत नाही. कुठे गेलेत?"

"दर्यावर."

"कधी येणार?"

"माहीत नाही."

"म्हणजे? तुम्ही विचारलं नाहीत?"

"आमच्यात विचारत नाहीत."

डॉक्टर स्टूल ओढून बसले. मास्कच्या वर नुसते डोळे. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमचं स्वतःचं रक्त आता तयार होत नाहीये. मी तेव्हा सांगितलं होतं. भाऊ जर आले नाहीत तर..."

"तर काय? बोला की पूर्ण."

"तर तुम्ही यातून वाचणार नाही. शेवटचं औषध मी थोडं पुढे ढकलतो. दोन दिवस ताणता येतील. दुसरा डोनर शोधून तयार करायला तेवढ्यात जमणार नाही."

ते गेले. मी फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. त्या फोनमधल्या बाईचा आवाज इतका गोड, की तिच्या तोंडात मारावीशी वाटली. माझ्या जिवाचा असा संताप झाला! एवढा मोठा बाप्या, दोन मुलांचा बाप, इथे बहीण आतून रिकामी होऊन पडलीय आणि हा जाळी टाकायला गेला! अरे मे... आणि मी जीभ चावली. दर्यावर असलेल्या माणसाला तो शब्द कसा म्हणू? आयुष्यभर दिवसातून दहा वेळा म्हटलेला शब्द माझ्या सोललेल्या तोंडात अडकून बसला. त्याच वेळी पहिल्यांदा माझ्या मनात आलं की तो न येण्याचं कारण दुसरंही असू शकतं. तोवर मी माझ्याच मरणाला घाबरत होते. मग त्याच्याही मरणाची भीती त्यात मिसळली, आणि कुठली माझी, कुठली त्याची, वेगळं करता येईना. बाहेर वारा सुटला होता. काचेतून फक्त झाडं हललेली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी भावजय आली. तिला आत सोडत नाहीत, ती काचेच्या पलीकडे उभी, कानाला फोन. मी इकडून फोन धरला. बोलायला तोंड साथ देत नव्हतं. तिने मला रुमालाशिवाय, डोक्यावर केस नसलेली पहिल्यांदाच पाहिली. पदराचा बोळा तोंडात धरून उभी राहिली.

"वन्सं, तुमचा दिवस व्हता इंजेक्शनचा, मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "त्यांनी बर्फ भरला तवा मी चूल लिपत व्हते. मी पन नाय इचारलं."

मी मान हलवली. मी तरी कुठे विचारलं होतं? एका माणसाची बायको आणि बहीण, दोघींना माहीत, आणि दोघी गप्प. तिने सांगितलं की धक्क्यावरचे लोक दुसऱ्या बोटींना वायरलेसवर विचारतायत. अजून कुणाला दिसली नाही. एवढं सांगून ती रडायला लागली. मधे काच. मी हात काचेला लावला, तिनेही लावला. काच गार होती, तिचा हात मला लागला नाही. ती गेल्यावर तिच्या बोटांचे ठसे पलीकडच्या बाजूला राहिले. पुसायला कुणी येऊ नये असं मला वाटत होतं. पण थोड्या वेळाने एक बाई फडकं घेऊन आली आणि पुसून गेली.

त्या दिवशी मी आईला फार शिव्या दिल्या. मनातल्या मनात, तोंड चालतच नव्हतं. म्हटलं, बघ गं बये, दिवस विचारला नाही तरी खायला उठलाच ना. तुझी ती रीत दर्यावरच्या माणसाला सांभाळायला नव्हतीच. ती तुला सांभाळायला होती. दिवस माहीत नसला म्हणजे आज नाही आला तर उद्या येईल, असं म्हणून भाकऱ्या थापत बसता येतं. कुठलाच दिवस चुकला असं होत नाही. पण माझा दिवस फळ्यावर लिहिलाय. मी कशाने मन रमवू?

आणखी एक दिवस गेला. डॉक्टर तपासून गेले. मला रक्त चढवलं, प्लेटलेट चढवल्या, परक्या माणसांच्या. मी डोळे मिटून पडले होते. काचेवर टकटक झाली तेव्हा मला वाटलं, फडकंवाली बाई असेल.

भाऊ होता. धक्क्यावरून थेट आला असावा. अंगावर तोच शर्ट, खाऱ्या पाण्याने कडक झालेला, डोळे लाल, ओठ फुटलेले. त्याच्या मागे सिक्युरिटीवाला, नाकाला रुमाल लावून. त्याला तिथवर कुणी कसं सोडलं, देव जाणे. मी उठून बसले. फोन घ्यायला हात पुरेना. म्हणून तशीच, फुटलेल्या तोंडाने, काचेतून त्याला दिसेल अशी ओरडले, "मेल्या!"

आवाज तिकडे पोचला नाही. पण त्याला कळलं. तो तिथेच भिंतीला टेकला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

झालं होतं असं. परत येताना बोटीच्या पंख्यात जाळं गुरफटलं. इंजिन बंद, फोनला रेंज नाही, वायरलेस भिजलेला. वाऱ्याने भलतीकडे नेलं. शेवटी दुसऱ्या एका बोटीने बघितलं आणि दोर लावून हळूहळू ओढत आणलं. त्याचा हिशेब एका रात्रीचा होता. जायचं, पहिलं जाळं टाकायचं, दिवस उजाडला की परत, इंजेक्शनच्या आधी अंघोळ करून हजर. डॉक्टर त्याच्यावर असे काही तुटून पडले की मला आतून त्यांचे हातवारे दिसले. तुम्हाला त्याच आठवड्यात जायची काय गरज होती? आणि भाऊ मान खाली घालून त्यांना सांगत होता. त्याने नंतर मलाही फोनवर तेच सांगितलं.

"बाय, मी देवीला बोललो व्हतो. या वर्षाची पहिली म्हावरं तुझ्या नावाची. दुसऱ्याच्या हातची कशी देऊ?"

माझ्यासाठी गेला होता, मेला. मला वाचवायला गेला आणि मला मारूनच आला असता. मी म्हटलं, दिलीस का मग? म्हणाला, "दिली. आधी तिथं गेलो, मग हितं आलो." मी कपाळावर हात मारून घेतला.

त्याच दिवशी त्याला पहिलं इंजेक्शन टोचलं. पुढे रोज. त्याची हाडं इतकी ठणकायची की दर्याला न घाबरणारा माणूस खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडायचा. माझं शेवटचं औषध पूर्ण झालं. मग एका सकाळी त्याला मशीनवर बसवलं, एका हातातून रक्त बाहेर, दुसऱ्या हातातून आत, आणि दुपारी नर्स एक छोटी पिशवी घेऊन माझ्या खोलीत आली. टोमॅटोच्या सारासारखा रंग. इतकं रामायण झालं आणि हातात आली एवढीशी पिशवी. मी वास घेतला. नर्सने विचारलं, क्या हुआ? मी म्हटलं, कुछ नहीं, मछली का बास आता है क्या देखती हूँ. तिने फळ्यावर शून्य लिहिलं.

पुढचं सगळं सांगत नाही. त्वचा सोलली, पोट बिघडलं, पुन्हा ताप आला, पुन्हा एकटीच पडले. पण भावाच्या पेशींनी माझ्या हाडांत घर केलं. आता रक्ताचा गट तपासला तर माझा जुना येत नाही, त्याचा येतो. मिशा काही फुटल्या नाहीत.

मी दुकान पुन्हा उघडलंय. संध्याकाळी घरी आले की तसंच, मी आणि भिंती. हॉस्पिटलातली ती घुरघुर कधीकधी फ्रीजमधून येते, तेव्हा मी उठून खिडकी उघडते.

या वर्षी बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, आणि भावाचा फोन आला. मागे बर्फाचा खडखडाट. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तो थांबला. येतो बाय म्हणाला नाही. बर्फ ओतणाऱ्याचा आवाज येत राहिला.

"इचार," तो म्हणाला.

"काय विचारू?"

"त्ये इचार."

"वेडा आहेस का? आई वरून धपाटा घालेल."

"बाय," तो म्हणाला, "तुझ्या अंगात माझंच रगत हाय. आपलं आपल्याला इचारलं त अपशकुन कुनाला?"

माझ्या हातात सुई होती, ती मी खाली ठेवली. त्याला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "कुठे चाललास रे? कधी येशील?"

त्याने सगळं नीट सांगितलं. कुठल्या बाजूला, किती खोल पाण्यात, बरोबर कोण. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत धक्क्याला. मग म्हणाला, "येतो बाय." तेव्हापासून दर फेरीला मी विचारते आणि तो शुक्रवारच सांगतो. भावजय अजून विचारत नाही. तिला मी फोन करून सांगते, ती ऐकून घेते.

शुक्रवार मला खायला उठतो. आई खोटं बोलत नव्हती. दुपारपासून मशीनवर लक्ष लागत नाही, बाही उलटी जोडली जाते, गिऱ्हाइकांवर खेकसते. दिवस मावळायला लागला की दुकान बंद करून आत पडद्यामागे बसते, फोन मांडीवर घेऊन. मग तो वाजतो.

"आलो बाय."

"आलास का रे मेल्या," मी म्हणते.